धुळवड, धूर आणि आडोसा

फेब्रुवारी संपत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. जुनी मंडळी विचारतात, "यंदा धुळवडीला कोंबडी आहे ना?" आणि नवीन आलेली मंडळी विचारतात, "लबकच्या या वाऱ्यात तुम्ही बाहेर मांस स्मोक करता तरी कसं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आहे, अवश्य या. दुसऱ्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. गेल्या महिन्यात एका नव्या जोडप्याने सहज बोलता बोलता सांगितलं, "आम्ही वारा असला की ग्रिल सरळ गराजमध्ये ओढून घेतो. दार उघडंच ठेवतो." ते ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. हे वाक्य आम्हीही एकदा बोललो होतो. संपादक बरेच दिवस दोन पानं मागत होते, तेव्हा म्हटलं हेच लिहावं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं. एक जण लिहितोय आणि दुसरा शेजारी बसून चुका काढतोय. कोण कोणता ते ओळखणारे ओळखतील. एवढं सांगितलं तरी पुरे की आमच्यातलं एक माणूस अलिबागकडचं, पक्कं मांसाहारी, आणि दुसरं पुण्याचं, तितकंच पक्कं शाकाहारी. इतक्या वर्षांच्या संसारात कुणीही पक्ष बदललेला नाही.

आम्ही १९९१ साली नोकरीच्या निमित्ताने लबकला आलो. तोपर्यंत टेक्सास म्हटलं की डोळ्यांपुढे ह्यूस्टन नाहीतर डॅलस. इथे येऊन पाहतो तो काय, चहूकडे ताटासारखी सपाट जमीन, कापसाची शेतं आणि वर प्रचंड आभाळ. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फूट उंचीचं हे पठार, पण डोंगर नाही, टेकडी नाही, वाऱ्याला अडवणारं काही म्हणजे काही नाही. या गावाला वारा किती माहीत आहे ते पाहायचं असेल तर इथलं पवनचक्क्यांचं संग्रहालय पाहावं. ११ मे १९७० रोजी इथे आलेल्या टॉर्नेडोने २६ माणसं दगावली. त्यानंतर टेक्सास टेक विद्यापीठात वाऱ्याचा रीतसर अभ्यास सुरू झाला. मार्च-एप्रिल हे वाऱ्याचे खास महिने. नांगरलेल्या शेतांची तांबडी माती उठते आणि भर दुपारी दिवे लावावे लागतात. पहिल्या मार्चमध्येच आमच्यातलं पुणेरी माणूस म्हणालं, "इथे धुळवड वेगळी खेळायची गरज नाही. देवच खेळतोय."

ज्यांच्याकडे पाळतात त्यांना माहीतच आहे की होळीला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी धुळवडीला मटण. लबकमध्ये पहिली दोन वर्षं आम्ही ते मटण गुपचूप घरातल्या घरात केलं. मग शेजारच्या आजोबांनी आमच्या आयुष्यात स्मोकर आणला.

हे आजोबा जन्मभर कापसाच्या धंद्यातले. भल्या पहाटे उठायचं, हॅट घालून अंगणभर फेरी मारायची, सगळ्यांच्या कुंपणांची चौकशी करायची. आमचे बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा त्यांनी खिडकीतून ती फेरी पाहिली आणि म्हणाले, "हे इथले पाटील दिसतात." तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव पाटीलच.

पाटलांनी एक शनिवारी आम्हाला ब्रिस्केट खायला बोलावलं. ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचं मांस, टेक्सासचा जीव की प्राण. आम्ही संकोचून सांगितलं की हे आम्ही खात नाही. आम्हाला वाटलं, माणूस दुखावला. त्यांनी हॅट मागे सारली, थोडा विचार केला आणि विचारलं, "बोकड खाता?" बोकड म्हटल्यावर आमच्यातलं अर्धं माणूस खुर्चीतून उठलंच. पुढच्या आठवड्यात त्यांनी मेक्सिकन वस्तीतला खाटीक दाखवला, जिथे बोकडाचं मांस 'काब्रितो' म्हणून मिळतं, आणि आपला जुना, उभ्या पिंपासारखा स्मोकर ढकलत आमच्या बॅकयार्डात आणून ठेवला. तळाशी कोळसा, मध्ये पाण्याचं तसराळं, वर दोन जाळ्या, खाली हवा आत यायची भोकं, वर धूर जायचं एक भोक. बस्स. "हवा सांभाळा, आग आपोआप सांभाळली जाईल," एवढीच त्यांची शिकवणी.

लाकूड त्यांनी दिलं मेस्कीटचं. ते काटेरी झाड पाहून बाबा म्हणाले, "अरे, ही तर वेडी बाभूळ!" आम्ही हसलो, पण पुढे वाचनात आलं की बाबांचं फारसं चुकलं नव्हतं. आपल्याकडे माळरानांवर आणि रेल्वेलाइनच्या कडेने माजलेली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातलीच, आणि इथलं मेस्कीट तिची सख्खी चुलत बहीण. तिचा धूर फार उग्र. दोन मुठींएवढी लाकडं पुरतात. जास्त झाली की मांस कडू होतं.

बाबांना हा सगळा प्रकार नवीन वाटला नाही, याचं कारण पोपटी. रायगडातल्या मंडळींच्या तोंडाला आता पाणी सुटलं असेल. इतरांसाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे भरायचे, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड गच्च बंद करायचं आणि मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा-पालापाचोळ्याचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की पोपटी झाली. बाबा गावातले पोपटीचे मानकरी. वारा सुटला की जाळ एकाच अंगाला धावतो आणि मडक्याची एक बाजू करपून दुसरी कच्ची राहते, हे त्यांना लहानपणापासून माहीत. त्यामुळे स्मोकरपाशी खुर्ची टाकून बसायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं आणि आमच्या थोरल्याला, तेव्हा तो नऊ वर्षांचा, मदतनीस म्हणून नेमलं.

आता १९९८ ची धुळवड. तारखेने धुळवड शुक्रवारी होती, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी एक वाजता चाळीस माणसं जेवायला बोलावली होती. सहा कोंबड्या आणि बोकडाच्या दोन मांड्या आदल्या रात्रीच आलं-लसूण, हळद आणि घरचा मसाला लावून ठेवल्या होत्या. पहाटे चार वाजता कोळसा पेटवला. हवा अगदी पडलेली. पाटलांच्या अंगणातला झेंडासुद्धा लोंबत होता. तापमान २२५ ते २५० फॅरनहाइटच्या मध्ये ठेवायचं असतं, ते जणू खिळा ठोकल्यासारखं २३५ वर उभं होतं. बाबा खूश, नातू खूश. आम्हाला वाटलं, उगाच लोक लबकच्या वाऱ्याला नावं ठेवतात.

इथे नव्या मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या पठारावर रात्री वारा बहुधा झोपतो, पण तो जमिनीवरून गेलेला असतो, आभाळातून नाही. वर तो वाहतच असतो. सूर्य वर आला, जमीन तापली, खालची हवा वर जाऊ लागली, की वरचा वारा खाली उतरतो. नऊ-साडेनऊला जणू कुणी बटण दाबतं.

आम्ही चार वाजता कोळसा पेटवला खरा, पण कोंबड्या चढवायला आठ वाजले. आधी बोकडाच्या मांड्या व्हाव्यात असा हिशेब. साडेनऊला बटण दाबलं गेलं. नैऋत्येकडून पहिला झोत आला तो स्मोकरच्या खालच्या भोकातून थेट निखाऱ्यांवर, लोहाराच्या भात्यासारखा. २३५ वरचा काटा बघता बघता ३४० वर गेला. आम्ही घाईने खालची भोकं बंद केली. मग विस्तव गुदमरला. वरून पांढरा, दाट, कडवट धूर येऊ लागला आणि पातळ पत्रा वाऱ्याने गार पडून काटा १७० वर आला. भोकं उघडली, पुन्हा ३३०. बंद केली, पुन्हा १७०. तेवढ्यात ठिणग्या उडून वाळलेल्या हरळीवर पडल्या. मार्चमधली इथली हिरवळ म्हणजे पिवळं गवत. थोरल्याने पळत जाऊन पाण्याची नळी आणली.

घड्याळात पावणेदहा. एक वाजता चाळीस माणसं. आमच्यातलं एक माणूस म्हणालं, "गराजमध्ये घेऊ या." दुसरं म्हणालं, "धुराचं काय?" पहिलं म्हणालं, "दार अर्धं उघडं ठेवू की." बाबांना विचारलं तर ते हसले. "धुराने कुणी मरतं का? आमचा जन्म चुलीपुढे गेला." तिघांनीही मान डोलावली. त्यातलं कुणी मूर्ख नव्हतं, दोघांच्या नावापुढे तर इंजिनिअरिंगच्या पदव्या होत्या.

जाड हातमोजे घालून आम्ही तो जळता स्मोकर गराजमध्ये आणून ठेवला (हे करणंही चूकच). दार जमिनीपासून दोन फूट उघडं ठेवलं. वारा बंद झाला, काटा स्थिर झाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बाबांना बाहेर थंड वारा बाधेल म्हणून आम्हीच त्यांना शाल पांघरून आत, स्मोकरपासून सहा फुटांवर, खुर्चीत बसवलं. शेजारी डब्यावर थोरला. स्वयंपाकघरातून गराजमध्ये जायचं दार ये-जा करायला उघडंच होतं. आत बटाट्याची भाजी, वरण, कोशिंबीर यांची लगबग चालू होती.

सव्वाअकराच्या सुमाराला थोरला आत आला आणि म्हणाला, डोकं दुखतंय. आम्ही म्हटलं, पहाटे चारला उठलास, दुखणारच. त्याला पाणी देऊन परत आजोबांकडे पाठवलं. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो. पावणेबाराला बाबा म्हणाले, मळमळतंय. आम्ही आल्याचा चहा केला. स्वयंपाकघरातल्या माणसाचंही कपाळ ठणकत होतं, पण चाळीस माणसांचा स्वयंपाक म्हटल्यावर कपाळ ठणकणारच. तिघांना तीन कारणं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं. एकाच घरात एकाच वेळी तीन डोकी का दुखावीत, हा प्रश्न काही आम्हाला पडला नाही.

तो पडला पाटलांना. पाहुण्यांसाठी घड्यांच्या खुर्च्या घेऊन ते आले होते. दोन फुटांच्या फटीतून त्यांना आतले निखारे आणि बाबांचे पाय दिसले. त्यांनी खुर्च्या तिथेच टाकल्या, दार सरसर वर ढकललं आणि ओरडले, "सगळे बाहेर! आत्ता! मुलाला घ्या!" थोरल्याला त्यांनी स्वतः काखेत उचललं. बाबांना उठवायला गेलो तर त्यांचे पाय लटपटत होते. ते अंगणात येऊन ओकले. आम्ही ९११ ला फोन केला.

हॉस्पिटलात बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं तर त्यावर ९८ दिसत होतं. आम्हाला वाटलं, ऑक्सिजन उत्तम आहे, उगाच घाबरलो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की ते यंत्र इथे फसतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि साध्या यंत्राला हे चिकटलेलं काय ते ओळखता येत नाही. त्यासाठी रक्तच तपासावं लागतं. तपासलं. बाबांचा आकडा सगळ्यांत वाईट, त्याखालोखाल थोरल्याचा. नाका-तोंडावर मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात. बाई म्हणाल्या, "अजून तासभर बसले असते तर कदाचित ते खुर्चीतच झोपी गेले असते." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

संध्याकाळी सगळे घरी आलो. पाहुणे गेले नव्हते. मंडळातल्या बायकांनी दारं-खिडक्या सताड उघडून आमच्या स्वयंपाकघरात भात लावला होता. चाळीस माणसं त्या दिवशी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर जेवली. कोंबड्या फेकून द्याव्या लागल्या. अर्ध्या कच्च्या, आणि ४० ते १४० अंश फॅरनहाइटच्या मधल्या कोमट तापमानात तासन् तास राहिलेल्या. त्या तापमानात जंतू वाढतात, मग पुन्हा उकळून काही उपयोग नसतो. "अन्न टाकू नये," हे वाक्य आमच्या घरात त्या दिवशी कुणी उच्चारलं नाही.

बाबा रात्री अंथरुणावर पडून छताकडे बघत होते. आम्हाला म्हणाले, "चुलीने काही झालं नाही रे कधी." त्याचा उलगडा नंतर आम्हालाही झाला. गावच्या घराला कौलं होती. कौलांच्या फटीतून, भिंतीच्या वरच्या मोकळ्या जागेतून हवा खेळायची. आणि चुलीतला लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, माणसाला खोकवतो, उठवून बाहेर काढतो. त्या घरांतही तो छातीला बाधत होताच, आपल्या आज्यांचा खोकला आठवून पाहा. पण कोळशाच्या वायूला ना वास, ना रंग. तो कुणाला उठवत नाही, उलट बसवून ठेवतो. त्यात आम्ही भोकं बंद करून विस्तव गुदमरवला होता. कोळशाला हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि हा वायू आणखी जास्त सुटतो. दार दोन फूट उघडं होतं, पण गराजचं तोंड ईशान्येला, वारा नैऋत्येचा. म्हणजे त्या फटीपाशी वाराच नव्हता. जो आडोसा आम्हाला सोयीचा वाटला, त्यानेच आतली हवा कोंडली.

पुढचे काही दिवस बाबांनी थोरल्याला एकदाही जवळ बोलावलं नाही. तो जवळ गेला की काहीतरी निमित्त काढून उठायचे. चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकाने विचारलं, "बाबा, काय झालं?" ते म्हणाले, "मीच त्याला बसवून घेतलं होतं ना माझ्यापाशी." आम्ही म्हटलं, "आणि तुम्हाला आम्ही बसवलं होतं." मग कुणीच काही बोललं नाही. पण संध्याकाळी त्यांनी थोरल्याला हाक मारली आणि दोघं पाटलांकडे गेले. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. मधे दुभाषी नऊ वर्षांचा.

एप्रिलमध्ये आमच्या बॅकयार्डात जो आडोसा उभा राहिला तो या तिघांचा. आमचा सल्ला होता गवताच्या पेंढ्या रचण्याचा. पाटलांनी आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही गप्प बसलो. विस्तवाशेजारी वाळलं गवत! आधी त्यांनी खांब रोवून तीन पन्हाळी पत्रे उभे केले, पाठ नैऋत्येला. विस्तव पेटवून पाहिला तर वारा पत्र्यावरून उडी मारून मागच्या बाजूला भोवऱ्यासारखा फिरू लागला आणि धूर तोंडावर. बाबा बघत उभे होते. त्यांनी मधला पत्रा काढायला लावला आणि तिथे जुन्या पॅलेटच्या फळ्या बोटभर फटी ठेवून ठोकल्या, विस्तवापासून चांगल्या सहा फुटांवर. आमच्या गावी माडाच्या झावळ्यांची झापं लावतात, त्यातून थोडा वारा येतो, थोडा अडतो, तसं. नातवाला म्हणाले, "वाऱ्याला अडवायचं नाही, दमवायचं." थोरल्याने ते पाटलांना सांगितलं. पाटील बराच वेळ मान हलवत होते. पुढे कळलं की शेतांच्या कडेने वारा अडवायला झाडं लावतात त्यांचाही हाच नियम आहे. भरीव भिंतीपेक्षा फटी असलेला आडोसा बरा.

तर नव्या मंडळींसाठी, इतक्या वर्षांच्या अनुभवाचं सार.

आडोसा तीन बाजूंनी असावा, पण वाऱ्याच्या उलट बाजू आणि डोकं पूर्ण मोकळं. वर छप्पर नको, ताडपत्री नको, पॅटिओच्या पत्र्याखाली नको. खालची जमीन खरवडून वाळू किंवा खडी पसरावी. पाण्याची नळी हाताशी, आणि ती आधी चालू करून पाहिलेली. स्मोकरची खालची भोकं वाऱ्याकडे करू नयेत. जे वाऱ्याच्या बाजूचं असेल ते बंद, उलट बाजूचं थोडं उघडं. वरचं भोक मात्र कधीच पूर्ण बंद करायचं नाही. आग कमी-जास्त करायची ती खालून, आणि एका वेळी थोडीच. झोत गेला की काटा आपोआप खाली येतो. प्रत्येक झोताच्या मागे धावलात तर आमच्यासारखा खेळ होईल.

झाकणावरच्या काट्यावर वाऱ्यात विश्वास ठेवू नये. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्यावा. कोंबडी सगळीकडे १६५ ला पोचलीच पाहिजे, मांडीच्या जाड भागातसुद्धा. बोकडाची मांडी मऊ, सुटी व्हायला १९० च्या पुढे न्यावी लागते. मध्ये १५०-१६० च्या आसपास काटा तासन् तास हलत नाही. घाबरू नका. मांसातलं पाणी वाफ होऊन मांसाला गार ठेवत असतं, आपल्याला घाम येतो तसं. हवा जोरात खेळत असेल तर हे आणखी लांबतं. अशा वेळी मांस फॉइलमध्ये गुंडाळावं.

सगळ्यांत मोठी युक्ती म्हणजे वाऱ्याशी भांडायचंच नाही. आता आम्ही रात्री दहाला पेटवतो. आधी बोकड, पहाटे कोंबड्या, आणि वारा जागा व्हायच्या आत, नऊच्या आधी, सगळं उतरवतो. मग गरम पाण्याने तापवलेल्या कूलरमध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवतो. मधेमधे थर्मामीटर लावून १४० च्या वर आहे ना ते पाहतो. एक वाजता पाहुणे येतात तेव्हा बाहेर धूळ उडत असते आणि आमचा विस्तव विझलेला असतो. विझलेला म्हणजे सुद्धा बाहेरच ठेवलेला. राखेखालचे निखारे बराच वेळ वायू सोडत राहतात, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत स्मोकर आत आणायचा नाही.

आणि काही दिवशी पेटवायचंच नाही. हवामानखात्याची 'रेड फ्लॅग वॉर्निंग' असेल किंवा काउंटीने जाळ करायला बंदी घातली असेल, तर ओव्हन आहे. २६ फेब्रुवारी २०२४ ला आमच्या उत्तरेला, पॅनहँडलमध्ये, स्मोकहाउस क्रीकची आग लागली. दहा लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. टेक्सासच्या इतिहासातली ती सगळ्यांत मोठी आग. त्या वर्षी धुळवड जवळ जवळ महिन्याने होती, पण आम्ही कोळसा पेटवला नाही. ओव्हनमधली कोंबडी खाऊन कुणी तक्रार केली नाही. एक-दोघांनी केली, पण हळू आवाजात.

बाबा त्या वर्षी मे महिन्यात परत गेले आणि पुन्हा एकदाच आले. २००९ मध्ये ते गेले. पाटील त्यांच्या आधीच गेले. पॅलेटच्या फळ्या आम्ही दोनदा बदलल्या, खांब तेच आहेत. थोरला आता ओक्लाहोमात असतो. तिथेही वारा काही कमी नाही. मागच्या वर्षी त्याचा फोन आला, घर घेतलं म्हणून. आम्ही विचारलं, किती खोल्या, शाळा कशी, वगैरे. तो म्हणाला, "आधी बॅकयार्डात खांब रोवले. नैऋत्येला पाठ."

तर यंदा धुळवडीनंतरच्या शनिवारी एक वाजता सगळ्यांनी यायचं. शाकाहारी पंगत नेहमीप्रमाणे आत, वेगळ्या भांड्यांत. आमच्यातलं पुणेरी माणूस त्या बाबतीत आजही कडक आहे. घड्यांच्या खुर्च्या असतील तर घेऊन या. बाहेर वारा असणारच, तेव्हा कागदी ताटल्या आणू नका, मागच्या वेळी त्या तिसऱ्या घराच्या कुंपणात सापडल्या.

ता. क. : येताना हात रिकामे असू द्या, पण येण्याआधी एक काम करा. घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म काढून मागची तारीख पाहा. काही वर्षांनी बॅटरी नव्हे, अख्खा अलार्मच बदलावा लागतो. तो प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर हवा. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी या शनिवारीच दुकानात जावं. कोंबडी आमच्याकडे लागली.